थर्झा कर्शॉचं एक वाक्य

थर्झा कर्शॉनं आयुष्यात कुणाला माफ केलं नाही, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. वेदरशॉ गावात आमची घरं एकाच रांगेत होती, मध्ये फक्त एक घर. तिची बहीण लेटी गिरणीच्या आगीत गेली तेव्हा मी शाळेत जात होते. पुढं मोठी झाल्यावर थर्झाच्या शेजारी उभं राहून मी शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं बटाटे सोलले. त्यामुळं यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही तिच्या तोंडून ऐकलेलं, आणि उरलेलं गावानं सांगितलेलं. गावानं सांगितलेलं मी जरा पारखूनच घेते.

थर्झा थोरली. हाडापेरानं दणकट आणि तोंडानं फटकळ. लेटी तिच्याहून बरीच लहान. बारीक, हसरी, केसांना सारखं काहीतरी करत बसणारी. दोघी हॅलिविकच्या गिरणीत कामाला होत्या. थर्झा खाली साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लेटी वरच्या मजल्यावर सुताच्या कांड्या भरायला. साचेखात्यातला आवाज असा की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी तिला ऐकू जायचं नाही. म्हणून साच्यावरच्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचा नाही, ओठ मात्र मोठेमोठे हलवायचे. कुणाचं कुणाशी जमलंय, कुणाचा नवरा पिऊन आला, मुकादमाच्या टकलाला आज कसली चकाकी आहे, सगळं खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुक्यानंच जायचं. पुढं ती सवयच होऊन बसायची. रस्त्याच्या पलीकडून, चॅपलमध्ये प्रवचन चालू असताना, बसच्या बंद काचेतूनही त्या बायका एकमेकींशी गप्पा मारत. गिरणीवाल्यांच्या घरातल्या पोरांनाही ते थोडंफार यायचं. मालकाच्या घरच्यांना तेवढं येत नसे. त्यांना काही हवं असलं की ते बोट दाखवायचे.

मालक म्हणजे गॉडफ्री हॅलिविक. तेव्हा तिशीतला. बापाची तब्येत ढासळली म्हणून नुकताच गिरणी बघायला लागलेला. त्याचा व्यवस्थापक टॅटम.

वरच्या मजल्याच्या मागच्या बाजूला एक दार होतं आणि तिथून अंगणात उतरायला लोखंडी जिना. आग लागली तर बाहेर पडायला म्हणून केलेला. मुली कामाच्या मध्येच त्या जिन्यावर जाऊन सिगारेट ओढायच्या, टंगळमंगळ करायच्या. म्हणून त्या दाराला बाहेरून साखळी घालून कुलूप लावायची पद्धत पडली. सगळ्या गिरणीला ते माहीत होतं. कुणी तक्रार केली की टॅटम म्हणायचा, आत काम असतं, बाहेर काय आहे तुमचं?

एका सकाळी वर आग लागली. कापसाची धूळ आणि तेलानं माखलेली लाकडी जमीन, म्हटल्यावर वेळ लागला नाही. पुढच्या जिन्यानं बऱ्याचजणी उतरल्या. तीनजणी मागं राहिल्या, त्यात लेटी. त्या मागच्या दाराकडं धावल्या असणार, कारण शेवटी त्या तिथंच सापडल्या.

बंबवाले पुढच्या बाजूला पाणी मारत होते. साचेखात्यातल्या बायकांना मागच्या अंगणाच्या फाटकाबाहेर हाकललं होतं. थर्झा तिथं गज धरून उभी होती आणि तिच्या खांद्याला खांदा लावून म्युरिएल हॅस्लम. म्युरिएलचा साचा थर्झाच्या शेजारचा. दोघी एकाच दिवशी कामाला लागलेल्या. अंगणात गॉडफ्री आणि टॅटम उभे होते, तोंडं फाटकाकडं. पाण्याचा, आगीचा, लोकांचा एवढा गोंगाट की गॉडफ्री काय बोलतोय ते हातभर अंतरावरच्यालाही कळलं नसतं. थर्झाला कळलं. तो टॅटमला म्हणाला, "साखळी काढून टाक, बंबवाले मागं यायच्या आत."

टॅटम हाताला ओलं पोतं गुंडाळून जिना चढला. खालून बघणाऱ्या लोकांना वाटलं, काय धाडसाचा माणूस आहे. पुढं त्या धाडसाबद्दल नगरपालिकेनं त्याचा सत्कारसुद्धा केला. थर्झा सांगायची की तो वर गेला तेव्हा दार आतून हलतही नव्हतं. वर जाऊन त्यानं आधी खिशात काहीतरी टाकलं आणि मग दार उघडलं.

चौकशी बसली तेव्हा टॅटमनं शपथेवर सांगितलं की दार उघडंच असतं, आगीच्या आचेनं ते फुगून अडकलं असावं. आग कशी लागली, असं विचारल्यावर म्हणाला, लेटी कर्शॉला कामावर सिगारेट ओढताना मी दोनदा समज दिली होती. लेटी सिगारेट ओढायची नाही. तिला वासानं मळमळायचं. पण मेलेल्या पोरीची बाजू कोण घेणार?

थर्झा उभी राहिली आणि तिनं अंगणात पाहिलेलं सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, एवढ्या गोंगाटात तुम्हाला ऐकू आलं? ती म्हणाली, ऐकलं नाही, वाचलं. ओठ वाचले. मागं बसलेल्या वकिलांपैकी कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते तसे सभ्य होते. त्यांनी विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कुणी होतं का? थर्झानं म्युरिएलकडं बोट दाखवलं.

म्युरिएल उभी राहिली. हातातल्या रुमालाकडं बघत म्हणाली, "मी रडत होते साहेब. मला काही दिसलं नाही."

तेवढ्यावर ते संपलं. म्युरिएलचा नवरा हॅलिविकच्या दुसऱ्या गिरणीत मुकादम झाला, तेही त्याच महिन्यात.

जळालेला भाग पुन्हा बांधलाच नाही. गॉडफ्रीनं विम्याचे पैसे उचलले, चांगले साचे परदेशी विकले आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या आत गिरणी बंद केली. ती तशीही बंद पडायचीच होती. स्वस्त कापड बाहेरून येत होतं, आसपासच्या गावांत दर महिन्याला एखादा भोंगा कायमचा गप्प होत होता. पण आमच्या गावाला दोष द्यायला एक नाव मिळालं. कर्शॉंच्या धाकट्या पोरीनं सिगारेट टाकली आणि अख्ख्या गावाची भाकर जाळली. खाटीक थर्झाच्या आईला सगळ्यात शेवटी माल द्यायचा, तोही नुसती हाडं. एकदा बेकरीसमोरच्या रांगेत एक बाई तिच्या पायाशी थुंकली. मी आईचा हात धरून त्याच रांगेत होते. ती थुंकी मला अजून दिसते. थर्झाच्या आईनं ती बुटानं पुसली, आपला नंबर आल्यावर पाव घेतला आणि घरी गेली. त्यानंतर ती फारशी बाहेर पडली नाही. बाप आधीच गेलेला. दोन वर्षांत आईही गेली.

आर्नल्ड प्रेस्टविच नावाचा बसड्रायव्हर होता, त्याचं थर्झावर मन होतं. तो कॅनडाला निघाला. म्हणाला, चल माझ्याबरोबर, तिथं कुणी ओळखणार नाही. मी पुढं एकदा बटाटे सोलताना तिला विचारलं, का नाही गेलीस? ती म्हणाली, "मी गेले असते तर हे सगळे सुखानं झोपले असते की."

ती राहिली. लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली. बिस्किटांच्या कारखान्यात, मग सपातांच्या कारखान्यात, मग आमच्या शाळेत. एकेक कारखाना बंद पडला की ती पुढच्यात जायची. दर रविवारी चॅपलमध्ये ती म्युरिएलच्या बरोब्बर मागच्या बाकावर बसायची. म्युरिएल जागा बदलायची, तीही बदलायची. प्रार्थनेत माना खाली गेल्या की थर्झाची मान वर. नुसतं त्या बाईच्या मानेकडं बघत राहायची. म्युरिएलनं शेवटी देवच बदलला. टेकडीवरच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जायला लागली. थर्झा म्हणाली, तिथं चढण फार आहे, गुडघे दुखतील बिचारीचे. आणि हसली.

गॉडफ्रीसाठी तिनं वेगळं काढलं होतं.

गिरणी गेली तरी हॅलिविक गेले नव्हते. जमिनी त्यांच्या, घरं त्यांची. फुलांचं प्रदर्शन असो, बँडच्या स्पर्धा असोत, क्रिकेट क्लबचा बक्षीस समारंभ असो, पाहुणा गॉडफ्रीच. थर्झा लवकर जाऊन सगळ्यात पुढं उभी राहायची. स्वच्छ कोट, डोक्याला रुमाल, हातात पर्स. तो बोलायला उभा राहिला की ही ओठ हलवायला लागायची. आवाज नाही. साच्यावर बोलायचे तसे, मोठे, सुटेसुटे ओठ. "साखळी काढून टाक, बंबवाले मागं यायच्या आत." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं भाषण संपेपर्यंत.

गर्दीतल्या निम्म्या बायका जुन्या साचेवाल्या. प्रत्येकीला ते ऐकू यायचं म्हटलं तरी चालेल. त्या माना दुसरीकडं वळवायच्या, पिशवीत काहीतरी शोधायच्या. गॉडफ्रीला ओठ वाचता येत नव्हते, पण ती काय म्हणतेय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. चौकशीत तिचं वाक्य त्यानं कानांनी ऐकलं होतं. त्याचं भाषण अडखळायचं. एकदा फुलांच्या प्रदर्शनात त्यानं एका गुलाबाला भोपळा म्हटलं. लोक हसले. त्यानं पोलिसाला खूण केली. पोलीस थर्झाजवळ आला. मी तिच्या शेजारीच होते.

"काय चाललंय, बाई?"

"कुठं काय? मी तोंडातून शब्द तरी काढला का?"

पोलिसाची आई साचेवाली होती. त्यानं थर्झाच्या ओठांकडं एकदा पाहिलं, टोपी नीट केली आणि गेला.

असं कितीतरी वर्षं चाललं. मी तिला सांगून पाहिलं की अगं, यात तुझंच आयुष्य चाललंय. ती म्हणाली, त्याचंही चाललंय ना? मग झालं. हळूहळू गॉडफ्री समारंभांना यायचा बंद झाला. तब्येतीचं कारण सांगायचा. थर्झाला त्याचा राग आला. आपल्या ताटातलं कुणी उचलून नेल्यासारखा.

दरम्यान गावाची रया गेली. धुरांडी पाडली. प्रत्येक वेळी लोक थर्मासमधून चहा घेऊन बघायला जमायचे आणि ते कोसळलं की टाळ्या वाजवायचे. का वाजवायचे कुणास ठाऊक. मुख्य रस्त्यावर दुकानांना फळ्या ठोकल्या. तरुण पोरं शहरात गेली. मागं उरलेल्यांपैकी काहींनी बाटली धरली, काहींनी त्याहून वाईट. हॅलिविकची जळकी गिरणी तेवढी कालव्याकाठी उभी होती. छप्पर नाही, खिडक्यांतून झाडं आलेली.

मग नव्या शतकाच्या तोंडावर सरकारी निधी आला आणि त्याच्या मागून शहरातले लोक. गिरणीचा कायापालट करायचं ठरलं. वर महागडे फ्लॅट, खाली कॉफीची दुकानं, चित्रांचं दालन, आणि साचेखात्याचं संग्रहालय. मागच्या बाजूला लग्नं, समारंभ करायला एक मोठा हॉल. जागा गॉडफ्रीची होती, ती त्यानं विश्वस्त मंडळाला दिली. मंडळाचा अध्यक्ष तोच, आणि हॉलला नाव त्याचं. छापील पत्रकात त्याला गावाचा आधारवड म्हटलं होतं. थर्झानं ते पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं, चष्मा असताना. दोनदा.

संग्रहालयासाठी त्यांना दोन जुने साचे चालवून दाखवणारी बाई हवी होती. काम बघणारी इमोजेन नावाची तरुण पोरगी होती. दक्षिणेकडची, सालस, सगळ्यांचं कौतुक करणारी. थर्झानं अर्ज केला आणि तिनं घेतलं. गावात एकच बोभाटा. म्हातारी शेवटी त्याच्याच दाराशी गेली म्हणून. खाटकाच्या विधवेनं तर मला थांबवून विचारलं, मिटलं का मग त्यांचं?

मलाही राहवलं नाही. मी संध्याकाळी तिच्याकडं गेले. ती मटण-बटाट्याचं सारण भरलेली पेस्ट्री खात होती.

"थर्झा, त्याच्याकडं कामाला?"

"तो घराबाहेर पडत नव्हता. आता पडेल," ती म्हणाली आणि मलाही एक तुकडा वाढला.

कामात ती फार चांगली निघाली. साचे चालू केले की बघणारे कानात बोटं घालायचे, आणि मग थर्झा त्यांना ओठांनी बोलायला शिकवायची. लोकांना भारी मजा वाटायची. शाळेच्या सहली यायला लागल्या. एका पोराला खात्याच्या त्या टोकाला उभं करायचं, एकाला या टोकाला, आणि साचे धडधडत असताना निरोप पाठवायचा. सुरुवात करणाऱ्यांसाठी तिनं एक सोपं वाक्य ठेवलं होतं. जुन्या साचेवाल्या नव्या पोरींना हेच शिकवत, असं तिनं इमोजेनला सांगून ठेवलं. ओठांना चांगला व्यायाम होतो म्हणे.

वाक्य कुठलं ते सांगायला नको.

इमोजेनला ते फार गोड वाटलं. आग, साखळी, बंब, मुलांना आवडणारच. मास्तरीण नवी, मुलांचे आईबापही बरेचसे नव्यानं फ्लॅटमध्ये राहायला आलेले. वर्षभरात गावातलं प्रत्येक पोर ते वाक्य ओठांनी म्हणायला लागलं. बसमध्ये, मैदानात, शिक्षकाच्या पाठीमागं. जुन्या बायकांनी ते पाहिलं. आपल्याच नातवंडांच्या ओठांवर पाहिलं. त्यांच्यातली एकही बोलली नाही. आधी त्यांच्या गप्प बसण्यानं थर्झाचं घर बुडालं होतं. या वेळी मात्र ते तिच्या पथ्यावर पडलं.

हॉलच्या उद्घाटनाला गॉडफ्री आला. यावंच लागलं, नाव त्याचं होतं. सत्तरी उलटलेली, हातात काठी, पण अंगावर उंची सूट. महापौर, पत्रकार, निधी देणारे लोक, आणि मागं खुर्च्यांवर जुने कामगार. म्युरिएलला तिच्या सुनेनं चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. मी थर्झाच्या जवळ भिंतीला टेकून उभी होते. तिनं केस सेट करून घेतले होते. पूर्वी ते लोखंडी जिन्याचं दार जिथं होतं तिथं आता जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली होती, आणि नेमक्या त्या काचेपुढं गॉडफ्रीची खुर्ची होती. ती खुर्ची कुणी मांडली हे मी विचारलं नाही.

कार्यक्रमात शाळेच्या मुलांकडून पाहुण्यांचं स्वागत होतं. मुलं रांगेत आली, छान इस्त्रीचे कपडे घालून. गाणं असेल असं गॉडफ्रीला वाटलं असावं. तो पुढं झुकून हसत बसला. आणि मुलांनी एका सुरात, म्हणजे सुराशिवायच, ओठ हलवले. एवढाले ओठ, सुटेसुटे. एकदा, दोनदा.

म्हाताऱ्या बायका या वेळी पिशव्यांत काही शोधत नव्हत्या. सगळ्या त्याच्याकडं बघत होत्या.

गॉडफ्रीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण चेहरा पांढरा पडला. त्यानं थर्झाला शोधलं. त्याला ती सापडली. ती ओठ मिटून उभी होती.

इमोजेन बिचारी माइक घेऊन पुढं आली. म्हणाली, साहेबांना आपली ही जुनी भाषा येत नाही वाटतं, आपण त्यांना सांगू या. तिनं पहिल्या रांगेतल्या एका वेणीवाल्या मुलीसमोर माइक धरला. मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "साखळी काढून टाक, बंबवाले मागं यायच्या आत."

काही लोक कौतुकानं हसले. नवे लोक. ते हसू मध्येच विरलं, कारण बाकी कुणीच हसलं नव्हतं.

गॉडफ्री काठीवर जोर देऊन उठला. तो त्या पोरीशीच बोलायला लागला, जणू तिनंच त्याला जाब विचारला होता. "मी फक्त काढायला सांगितली," तो म्हणाला. "लावली वडिलांनी होती. मी नव्हती लावली."

इमोजेनच्या हातातला माइक तसाच चालू होता.

तेव्हा थर्झा बोलली. एवढ्या वर्षांत त्या माणसासमोर तिनं पहिल्यांदा आवाज काढला. "काय म्हणालात मालक? जरा मोठ्यानं बोला. मागच्यांना ऐकू आलं नाही."

आणि तो माणूस पुन्हा बोलला. का बोलला देव जाणे. मालकाच्या घरातला होता, कुणी ऐकू येत नाही म्हटलं की आवाज चढवायची सवय असेल. त्यानं सगळं सांगितलं. टॅटमला पाठवलं, चौकशीत काय बोलायचं ते वकिलांनी ठरवून दिलं, सिगारेटचं टॅटमला सुचलं, आणि आपण तेव्हा फार तरुण होतो. शेवटचं त्यानं दोनदा म्हटलं.

"माझी बहीण किती वर्षांची होती, मालक?" थर्झानं विचारलं.

त्याला सांगता आलं नाही. त्याचा मुलगा येऊन त्याला हाताला धरून घेऊन गेला. मास्तरणीनं मुलांना बाहेर काढलं. वेणीवाली पोर रडत होती, आपलं काय चुकलं म्हणून. थर्झानं तिला जवळ घेतलं, नाक पुसलं आणि सांगितलं, तू अगदी बरोबर म्हणालीस, एकही अक्षर चुकली नाहीस. त्या लेकराला तिनं असं वापरायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "माझी लेटीही कुणाचं तरी लेकरूच होती."

वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. चौकशी पुन्हा बसली. टॅटम कधीच मेला होता, पण गॉडफ्रीला यावं लागलं, उभं राहावं लागलं, आणि ज्या पोरीला तो विसरला होता तिचं वय त्याला मोठ्यानं सांगावं लागलं. निकालात लेटीवरचा डाग पुसला गेला. दार बंद होतं आणि साखळीनं बंद होतं, असं नोंदलं गेलं. हॉलवरचं नाव एका सकाळी दोन माणसांनी शिडी लावून काढलं. थर्झा समोरच्या कॉफीच्या दुकानात बाहेरच्या टेबलावर बसून ते बघत होती. शेवटचं अक्षर उतरेपर्यंत तिनं कप खाली ठेवला नाही.

नगरपालिकेनं म्हटलं, आता लेटीचं नाव देऊ. थर्झा म्हणाली, तिथं लोक पिऊन नाचणार. माझ्या बहिणीचं नाव त्यांच्या डोक्यावर नको.

मग लोक तिच्या दाराशी येऊ लागले. केक घेऊन, फुलं घेऊन. ती कुणाला आत घेत नसे. दारातच उभी राहून ज्याचं त्याला आठवण करून द्यायची. खाटकाच्या विधवेला म्हणाली, तुझा नवरा माझ्या आईला हाडं द्यायचा, ती तुला हवीत का परत? रांगेत थुंकणाऱ्या बाईची मुलगी आली. तिला म्हणाली, तुझ्या आईची थुंकी पुसलेले माझ्या आईचे बूट अजून घरात आहेत, नेतेस का? त्या मुलीचा काय दोष होता? काहीच नाही. थर्झाला त्याची फिकीर नव्हती.

म्युरिएल आली तेव्हा मी तिथंच होते. सुनेनं खुर्ची दारापर्यंत ढकलत आणली. मांडीवर डबा, त्यात पार्किन. आलं आणि काकवी घालून केलेला केक. तरुणपणी दोघी गिरणीच्या भिंतीवर बसून तेच खायच्या. म्युरिएल म्हणाली, "मला दिसलं होतं, थर्झा."

"मला माहीत आहे. तू माझ्याआधी वाचलं होतंस. तुझी नखं माझ्या दंडात रुतली होती."

"घरात तीन पोरं होती गं."

"आमच्याकडं दोनच होत्या. एक राहिली."

थर्झानं डबा घेतला आणि दार लावलं. पार्किन आम्ही दोघींनी खाल्लं. ती म्हणाली, हात अजून चांगला आहे मेलीचा. बाहेर सुनेनं खुर्ची वळवल्याचा आवाज आला, आणि मग चाकं दगडांवरून गेली.

गॉडफ्री पुढच्या हिवाळ्यात गेला. त्याच्या दफनाच्या दिवसासाठी थर्झानं नवा कोट घेतला, लालभडक. ती चर्चच्या फाटकापाशी उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गुड मॉर्निंग म्हणत होती.

मला वाटलं होतं, आता तरी ती जरा निवांत होईल. घरापुढं खुर्ची टाकून बसेल. पण वसंत यायच्या आत तिनं घर विकलं. कालव्याकाठी फ्लॅट झाल्यापासून आमच्या रांगेतल्या घरांनाही भाव आला होता. एका तरुण जोडप्यानं घेतलं. त्यांनी पुढच्या दाराला फिकट हिरवा रंग दिलाय आणि त्यांच्याकडं तीन मांजरं आहेत. मी थर्झाला म्हटलं, एवढी वर्षं राहिलीस, आता लोक वळून बघतात, मान देतात, तर आता चाललीस? ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. म्हणाली, "इथं मला आवडायचं असं तुला कुणी सांगितलं?"

ती आता समुद्राकाठी फ्लीटवुडला असते. मी उन्हाळ्यात एकदा बसनं जाऊन येते. वारा खूप असतो. ती बिंगो खेळते, मासे खाते, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याशी कचऱ्याच्या डब्यावरून तिचं भांडण चालू आहे. गिरणीचा विषय ती काढत नाही. लेटीचा काढते. लेटीला पोहायचं होतं, लेटीला समुद्राचं वेड होतं, असं काहीबाही. पूर्वी कधी काढत नसे.

गेल्या खेपेला निघायच्या आधी म्युरिएलनं मला बोलावून घेतलं होतं. ती आता अंथरुणातच असते. तिला थर्झाचा पत्ता हवा होता. मी म्हटलं, विचारून सांगते. थर्झाला विचारलं. ती खिडकीपाशी उभी राहून खालच्या म्हाताऱ्यानं डबा कुठं ठेवलाय ते बघत होती.

"देऊ नकोस," ती म्हणाली.

मी दिला नाही.